मदत हवी आहे: घरी केलेल्या डी-बिटने भोक तोंडाशी मोठे का पडते?

भोकपाडू
सिल्व्हर स्टीलच्या (कडक करता येणाऱ्या हत्यारी पोलादाच्या) १२ मिलिमीटर गजाचे टोक कानसीने अर्धे उतरवून आणि त्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून व पाण्यात बुडवून कडक करून, मी डी-बिट (भोक मापात कापणारे, D आकाराच्या छेदाचे हत्यार) केला आहे. मला ६० मिलिमीटर खोल भोक हवे आहे आणि त्यात १२ मिलिमीटरचा दांडा डगमगता कामा नये. प्रत्यक्षात भोक तोंडाशी १२.२ आणि आत १२.०५ भरते, शिवाय दुसऱ्या भोकातच धार बोथट झाली. सगळे नियमाप्रमाणे केले आहे. काम परवा द्यायचे असल्याने कृपया थेट उपाय सांगावा.

काटेकोर
धातू कोणता, काम लेथवर आहे की ड्रिल मशीनवर, आधी किती मापाचे ड्रिल चालवले आणि सपाट केलेल्या जागी बिटची जाडी किती भरते, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. मग नेमके कोणते नियम पाळले, हे आम्ही कसे ओळखावे?

रीमरप्रेमी
हातकामाचा हट्ट सोडून तयार रीमर (पाडलेले भोक नेमक्या मापाचे व गुळगुळीत करणारे हत्यार) घ्यावा. मी कित्येक वर्षे तेच करतो आणि माझे एकही भोक वाया गेलेले नाही.

जुनीकानस
रीमर आधीच्या भोकाच्या वाटेनेच जातो, त्यामुळे ड्रिल तिरके गेले असेल तर रीमर केलेले भोकही गुळगुळीत, पण तिरकेच मिळते. डी-बिटची अर्धगोल पाठ भोकाच्या भिंतीला टेकून पुढे सरकते, म्हणून सुरुवात सरळ झाली की खोलवरही तो सहसा वाट सोडत नाही. प्रश्नकर्त्याने बिटच निवडला, यात चूक काहीच नाही.

भोकपाडू
माइल्ड स्टील आहे. लेथवर जॉब चकच्या पकडीत फिरतो आणि बिट समोरच्या टेलस्टॉकमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या टोकाला, धरलेला आहे. आधी ११.५ चे ड्रिल चालवले आणि लगेच बिट घातला. जाडी ५.८ आहे. हे सगळे सांगण्यासारखे वाटले नव्हते.

काटेकोर
दुखणे नेमके तिथेच आहे. जाडी व्यासाच्या निम्म्याहून कमी झाली की भिंतीला टेकणारा भाग अर्ध्या वर्तुळाहून कमी उरतो आणि बिट बाजूला सरकायला मोकळा होतो. कानस ६.०५ च्या आसपास थांबवावी आणि उरलेले दोन-तीन शतांश मिलिमीटर ऑइल स्टोनवर (तेल लावून वापरायच्या धारेच्या दगडावर) घासून, दर वेळी मायक्रोमीटर लावत उतरवावेत; निम्म्याच्या खाली मात्र कधीच जाऊ नये. दुसरे म्हणजे, बिट स्वतःची वाट शोधत नाही, दाखवलेल्या वाटेने जातो. ड्रिलनंतर भोकाचा पहिला १२ ते १५ मिलिमीटर भाग बोअरिंग टूलने (भोक आतून कापून मोठे करणाऱ्या हत्याराने) नेमका बिटच्या मापाचा करावा. बिट हाताने आत सारला तर तो घट्टसर सरकला पाहिजे. खडखडला तर जॉबची तेवढी लांबी कापून पुन्हा सुरुवात करावी.

धारदार
ड्रिलच्या टोकाचा कोन साधारण ११८ अंश ठेवावा आणि दोन्ही ओठ समान लांबीचे असावेत, म्हणजे भोक मोठे पडत नाही.

काटेकोर
माहिती बरोबर आहे, पण प्रश्न ड्रिलच्या धारेचा नाही.

धगधगता
पाणी देताना गज आडवा बुडवला होता का, आणि टेंपर (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा दिलेली हलकी आच) पृष्ठभागाच्या कोणत्या रंगावर थांबवला?

भोकपाडू
आडवाच बुडवला. टेंपर निळ्या रंगावर थांबवला, कारण तो रंग देखणा दिसला.

धगधगता
देखणेपणाची किंमत धारेने मोजली. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो; तो स्प्रिंगसाठी ठीक, कापणाऱ्या धारेसाठी फार मऊ. टोक चेरीसारखे लाल करावे, लोहचुंबक चिकटेनासा झाल्यावर किंचित आणखी तापवावे आणि उभे धरून सरळ पाण्यात सोडावे. एक बाजू सपाट असल्याने आडवा बुडवलेला गज हमखास वाकतो. काचेवर लोळवून पाहिलात तर खालून उजेड दिसेल. मग कानस फिरवून पाहावी, ती घसरली तर कडकपणा आला. त्यानंतर सपाट बाजू चकचकीत घासून टोकापासून जरा मागे सावकाश आच द्यावी आणि फिका पिवळा रंग धारेपाशी पोचताक्षणी पुन्हा पाण्यात बुडवावे.

भोकपाडू
काचेवर जुना बिट खरोखरच डुलतो आहे. नवा ६.०३ जाडीचा केला आणि सुरुवातीचे १५ मिलिमीटर बोअर करून घेतले. तोंड आता मापात आहे, दांडा नीट बसतो. मात्र ४० च्या पुढे बिट किंचाळू लागला आणि आत ओरखडे उमटले.

जुनीकानस
धातूचा कीस बाहेर पडायला जागा उरली नाही, म्हणून तो पाठीखाली रगडला गेला. दर दोन-तीन मिलिमीटरला बिट पूर्ण बाहेर काढून पुसावा, तेल लावावे आणि वेग ड्रिलच्या निम्म्याहूनही कमी ठेवावा.

भोकपाडू
तिसरे भोक स्वच्छ उतरले. अजून नऊ बाकी आहेत.

रीमरप्रेमी
एवढ्या वेळात रीमर घरपोच आला असता.