कुत्र्याची इंद्रिये घेऊन मुंबईत एक दिवस काढता येईल का?

दादरचा पादचारी:
आमच्या सोसायटीच्या फाटकाशी राहणारा कुत्रा रोज सकाळी एका स्कूटरच्या मागच्या चाकाशी बराच वेळ नाक लावून उभा असतो. त्यावरून सुचलेला प्रश्न असा, की माणसाच्या इंद्रियांऐवजी कुत्र्याची इंद्रिये घेऊन एक दिवस या शहरात वावरायचे ठरले, तर ते सहन होईल का? भाऊच्या धक्क्यावरची मासळी, उघडे नाले आणि संध्याकाळच्या लोकलमधील घाम यांनी तासाभरात वेड लागेल, असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

पायवाट:
प्रश्न चांगला आहे, पण आपण नाक कुत्र्याचे घेतले आहे आणि किळस मात्र माणसाची ठेवली आहे. सडक्या मासळीत आनंदाने पाठ घोळवणारा कुत्रा ज्याने पाहिला आहे, त्याला ही भीती वाटणार नाही. आपल्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख गंधग्राही पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात १० कोटींहून अधिक, हे सर्वत्र वाचायला मिळते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती श्वासाची रचना. कुत्र्याने सोडलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही, आणि आत घेतलेल्या हवेचा एक भाग फुप्फुसांकडे न जाता थेट मागच्या गंधग्राही पोकळीत वळतो. शिवाय वासाला वय असते. माग काढणारा कुत्रा एकामागून एक पडलेल्या पावलांच्या वासांतील सूक्ष्म फरकावरून माणूस कोणत्या दिशेने गेला, हे ओळखू शकतो; तेव्हा आपल्या त्या चाकावर रात्रभरात कोण येऊन गेले, नर की मादी, ओळखीचे की परके, याची खबर तो घेत असणार. लोकलमध्ये त्याला छळेल तो आवाज. आपली श्रवणशक्ती २० हजार हर्ट्‌झच्या आसपास संपते, त्याची सुमारे ४५ हजारांपर्यंत जाते.

खाडीकाठ:
कुत्र्याचे नाक निदान कल्पनेत तरी आणता येते, कारण नाक आपल्यालाही आहे; पण पक्ष्याच्या चोचीचे काय? शिवडीला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला गर्दी होते, पण तिथेच ओहोटीच्या चिखलात धावणाऱ्या लहानशा तुतवारांकडे कोणी पाहत नाही, हा माझा जुना राग आहे. तुतवाराच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंपने टिपणारी मज्जातंतूंची टोके दाटीने भरलेली असतात, म्हणून चिखलात दडलेला किडा त्याला न पाहता सापडतो. याच कुळातला रेड नॉट हा पक्षी तर ओल्या वाळूत पुरलेला, अजिबात न हलणारा शिंपलाही ओळखतो. चोच खुपसताना वाळूतील पाण्यावर जो दाब पडतो, तो शिंपल्यापाशी अडतो आणि हा अडथळा त्याला चोचीच्या टोकाला कळतो. या जाणिवेला ‘स्पर्श’ म्हणावे की आणखी काही, हे ठरवणे मला तरी जमलेले नाही.

निशाचर:
वटवाघळाचे नाव अजून कसे निघाले नाही? मात्र निवड जपून करावी. संध्याकाळी मुंबईतल्या मोठ्या झाडांवरून निघणारी फलाहारी वटवाघळे आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर नव्हे, डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. प्रतिध्वनीचे कसब पाहायचे तर लहान कीटकभक्षी वटवाघळे घ्यावी लागतील. त्यांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९३८ साली यंत्राच्या साहाय्याने टिपले.

दादरचा पादचारी:
सर्वांचे आभार. एक व्यावहारिक शंका राहिली: त्या दिवशी स्टेशनवरचा इंडिकेटर वाचता येईल का?

पायवाट:
लांबून तरी नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट कळतात, तांबडी अक्षरे मात्र मंद आणि मळकट दिसतील. शिवाय जे आपल्याला ७५ फुटांवरून स्पष्ट दिसते, ते पाहायला त्याला साधारण २० फुटांवर यावे लागते. येणारी गाडी स्लो आहे की फास्ट, हे शेजारच्या प्रवाशालाच विचारावे लागेल.