प्रकल्पात एक तरी मूळ साधन सक्तीचं असावं का?

चिकित्सक: पदवीच्या मुलांच्या इतिहासाच्या प्रकल्पांत दोन पाठ्यपुस्तकं आणि विकिपीडिया, एवढेच संदर्भ दिसतात. माझं मत, एक तरी मूळ साधन, म्हणजे त्या काळातलाच कागद, वाचल्याशिवाय प्रकल्प स्वीकारूच नये. पत्र, जबानी, जनगणनेचा तक्ता, काहीही चालेल. त्यासाठी अभिलेखागार गाठावं लागतंच असंही नाही. टायटॅनिकच्या १९१२ च्या अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन्ही चौकश्यांतल्या जबान्या प्रश्नोत्तरांसकट इंटरनेटवर फुकट आहेत.

शंकासुर: उदाहरण बरं सापडलं! जहाज बुडालं त्याच दिवशी, १५ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग सन'ने 'सगळे वाचले' असा मथळा छापला. तेही मूळ साधनच ना? सुमारे १,५०० माणसं गेली होती. वाचलेल्यांतला सर्वांत वरिष्ठ अधिकारी लाइटोलर. त्याने चौकशीत सांगितलं की जहाज अखंड बुडालं, आणि ब्रिटिश चौकशीने तेच मान्य केलं. १९८५ मध्ये अवशेष सापडले ते दोन तुकड्यांत. मुलाला नुसती जबानी दिलीत तर तो तीच उतरवून काढेल.

चिकित्सक: एकच दिली तर. जहाज तुटताना पाहिलं म्हणणारे खलाशीही त्याच कागदांत आहेत. दोन्ही जबान्या शेजारी ठेवल्या की प्रश्न पडतातच: कोण कुठून पाहत होता, अंधार किती होता, कंपनीची बाजू कोणाला सांभाळायची होती? पाठ्यपुस्तकात निकाल आधीच लागलेला असतो.

कपाट नंबर सात: माझाही सक्तीला विरोध, पण कारण वेगळं. शोधायचं कसं हे शिकवतंय कोण? आधी एक चांगला दुय्यम ग्रंथ, म्हणजे मूळ कागद वाचून नंतर कोणी लिहिलेलं पुस्तक, घ्यावा आणि त्याच्या तळटिपा वाचाव्यात. कोणता कागद कुठे आहे ते लेखकाने तिथे सांगून ठेवलेलं असतं. (मुलं नेमक्या त्याच वगळतात.) शोधशब्दही त्या काळचे हवेत. १९१६ च्या वर्तमानपत्रांत 'पहिलं महायुद्ध' टाकून फारसं काही हाती लागणार नाही, तेव्हा ते 'ग्रेट वॉर' होतं. शिवाय स्कॅन केलेली जुनी छपाई संगणक चुकीची वाचतो, त्यामुळे 'शून्य निकाल' म्हणजे मजकूर नाहीच असं समजू नये.

शंकासुर: म्हणजे आधी दुय्यम. मी वेगळं काय म्हणतोय?

चिकित्सक: आधी दुय्यम, मान्य. पण तिथेच थांबायचं नाही. कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला यावर एक परिच्छेद मागा आणि त्याला वेगळे गुण द्या. नक्कल करणारा तिथेच अडकतो.

शंकासुर: आणि साठ जणांच्या वर्गातले ते साठ परिच्छेद मूळ कागदाशी ताडून बघणार कोण?