ब्रोकर वाढवले, तरी पार्टिशन जागच्या जागी
काफ्का ही संदेशांचे प्रवाह साठवून पुढे पोहोचवणारी प्रणाली; तिचे सर्व्हर म्हणजे ब्रोकर आणि अशा ब्रोकरचा समूह म्हणजे क्लस्टर. व्यवस्थापित (दुसऱ्या कंपनीने चालवलेली) सेवा घेतली की काफ्का क्लस्टर वाढवणे म्हणजे केवळ ब्रोकरची संख्या बदलणे, हे मत मला अपुरे वाटते. ॲमेझॉनच्या एमएसके या व्यवस्थापित काफ्का सेवेमध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारचे ब्रोकर ३ वरून ६ केले, तरी जुनी पार्टिशन (टॉपिकचे, म्हणजे संदेशांच्या एका नामांकित प्रवाहाचे, भाग) आपोआप नव्या ब्रोकरवर जात नाहीत. ती फेरवाटणी आपल्यालाच, शक्यतो कमी वर्दळीच्या वेळी आणि रेप्लिकेशनवर (डेटाच्या प्रती बनवण्यावर) वेगमर्यादा घालून, करावी लागते, नाहीतर कन्झ्युमर (संदेश वाचणारे प्रोग्रॅम) मागे पडू लागतात. तसेच, या ब्रोकरची डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. पार्टिशनची संख्या वाढवताना तर अधिकच जपावे, कारण त्याच कीचे (संदेशाला जोडलेल्या ओळखीचे, उदा. खाते क्रमांकाचे) नवे संदेश वेगळ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात आणि एकाच खात्यावरील व्यवहारांचा क्रम, जो पैशांच्या हिशेबात सर्वांत मोलाचा असतो, तोच बिघडतो. त्यामुळे टॉपिक तयार करतानाच पुढील वाढीचा अंदाज घेऊन पार्टिशन ठरवावीत, असा माझा आग्रह राहील.