मदत हवी आहे: अ‍ॅनएरोबिक मेम्ब्रेन टाकीत दाब चढतोय, जंतू मात्र ठणठणीत

दुग्धप्रक्रियेचं सांडपाणी आहे; टाकीत हवेविना जगणारे जंतू घाण पचवतात आणि बारीक छिद्रांच्या पडद्यांतून (मेम्ब्रेन) पाणी गाळून ओढलं जातं. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) ९,००० मिग्रॅ/लि., तेल-तूप ३५०. टाकी ३५ अंशांवर, आत बुडवलेले पीव्हीडीएफ प्लास्टिकचे सपाट पडदे, खालून बायोगॅसचे बुडबुडे. ९ मिनिटं ओढ, १ मिनिट विश्रांती.

फ्लक्स (पडद्यातून गाळून येणारं पाणी) ताशी प्रति चौ.मी. ८ लिटर होता. तीन आठवड्यांत तो ५ वर आला आणि पडद्यावरचा दाब ६० वरून २५० मिलिबारवर गेला. आम्ल-अल्कता गुणोत्तर ०.२५, गाळलेल्या पाण्याचा सीओडी २०० च्या आत, म्हणजे पचन बिघडलेलं नाही. एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) २२ ग्रॅम/लि. आहे, तो जरा जास्तच वाटतो.

खरी मेख धुण्यात आहे. ५०० पीपीएम हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट) धुतलं की जेमतेम चार दिवस बरं चालतं; १ टक्का सायट्रिक आम्लाने मात्र फ्लक्स जवळजवळ पूर्ववत होतो. (दोन्हींच्या मध्ये पडदे साध्या पाण्याने नीट धुतो, आम्ल आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.) हायपो सेंद्रिय थर काढतो, आम्ल खनिज थर विरघळवतं; त्यामुळे संशय स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट) किंवा कॅल्शियम फॉस्फेटच्या थरावर आहे. बायोगॅस घुसळताना कार्बन डायऑक्साइड निसटून पडद्यापाशी पीएच वाढून हा थर बसत असेल का?

आधी काय करावं: गाळ काढून एमएलएसएस १५ वर आणावा, की फेरिक क्लोराइडने फॉस्फेट बांधावं? गॅस वाढवला तर गाळाचे पुंजके फुटून बारीक कण छिद्रं बुजवतील, ही भीती आहे. थराची तपासणी कुणी कशी केली, तेही सांगा.