२०० तासांत कोपायलट? मग अमेरिकेत १५०० कशाला?

कराडचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचीची बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स आहे, आणि तिने डोक्यात घेतलंय की पायलटच व्हायचं. ताई-भाऊजी कर्ज काढायला तयार आहेत पण घरात कुणालाच यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून चौकशीचं काम माझ्या गळ्यात. मी वाचायला बसलो तर चक्रावलोच, आपल्याकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, कमर्शियल लायसन्स २०० तासांच्या फ्लाइंगवर मिळतं आणि ती पोरं पुढे थेट एअरबसच्या उजव्या, म्हणजे कोपायलटच्या, सीटवर बसतात, आणि अमेरिकेत म्हणे १५०० तास झाल्याशिवाय एअरलाइन दारात उभं करत नाही. मग आपल्याकडे १८० माणसं कच्च्या पोराच्या हवाली करतात का काय? दुसरं, ट्रेनिंग बारामती-गोंदियाला करावं की बाहेर? आणि एक ओळखीचे म्हणाले एअरफोर्सवाल्यांनाच आधी घेतात, खरं का?

उजवी_सीट

मामा, मी त्याच कच्च्या पोरांपैकी एक होतो, आता एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कोपायलट, आहे, तेव्हा बायस्ड उत्तर आहे असं समजून वाचा 😄

२०० तास झाले की लायसन्स मिळतं, नोकरी नाही. त्या २०० मधले १०० तरी पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, लागतात, शिवाय क्रॉस कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचं फ्लाइंग, त्यातलं एक ३०० नॉटिकल मैलांचं, मध्ये दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचं फ्लाइंग वेगळं, बाहेर न बघता नुसत्या इन्स्ट्रुमेंटवरचं वेगळं. हे सगळं सेसना किंवा तत्सम छोट्या विमानावर. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे ए३२० किंवा बोइंग ७३७ चं खास ट्रेनिंग, ते बरंचसं फुल फ्लाइट सिम्युलेटरवर. तिथे काय करतात ते ऐका, टेकऑफच्या रनवर वेग बरोब्बर वी-वनला, म्हणजे थांबता येण्याच्या शेवटच्या टप्प्याला, पोचला की मागे बसलेला इन्स्ट्रक्टर एक इंजिन बंद करतो, आता थांबता येत नाही, तुमचा पाय रडरच्या (विमान सरळ ठेवणाऱ्या) पेडलवर थरथरतोय आणि विमान सरळ ठेवून वर न्यायचंय. जमेपर्यंत परत परत. मग रिकामं विमान घेऊन टेकऑफ-लँडिंग, आणि मग पॅसेंजरसह लाइन ट्रेनिंग, डावीकडे ट्रेनिंग कॅप्टन आणि सुरुवातीला मागच्या जादा सीटवर (जंपसीट) आणखी एक सेफ्टी पायलट. त्यामुळे हवाली वगैरे कोणी करत नाही हो.

आणि कॅप्टन व्हायला आपल्याकडेही एटीपीएल, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स, लागतंच, त्याला १५०० तास. फरक इतकाच की अमेरिकेत उजव्या सीटलाही तेच लायसन्स मागतात.

डॅलसकर

अमेरिकेच्या नियमामागची गोष्ट बघा म्हणजे कळेल. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू४०० हे प्रवासी विमान पडलं, विमानातले ४९ आणि खाली घरातला एक, असे ५० लोक गेले. स्टॉलची, म्हणजे वेग कमी होऊन पंखांची उचल संपत आल्याची, वॉर्निंग म्हणून कंट्रोल कॉलम हातात थडथडायला लागला, अशा वेळी नाक खाली करायचं असतं आणि कॅप्टनने उलट मागे खेचला. मेलेल्यांच्या घरच्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, पायऱ्या झिजवल्या, २०१० ला कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही १५०० तास लागू झाले. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघा पायलटांचेही तास १५०० च्या वरच होते, कॅप्टनचे तर तीन हजारांवर! खरी दुखणी वेगळीच निघाली, कॅप्टन आधी बऱ्याच चेकराइड्समध्ये, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षांत, फेल झालेला आणि फर्स्ट ऑफिसर रात्रभर सिअ‍ॅटलहून प्रवास करून ड्युटीवर आलेली.

त्यातही सवलती आहेत. मिलिटरीवाल्यांना ७५०, एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री असेल तर १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०. बाकीची पोरं लायसन्स मिळालं की तिथेच इन्स्ट्रक्टर होऊन शिकवत शिकवत तास जमवतात. माझा मेहुणा तेच करतोय, पगार बेताचा.

विदर्भातला_मास्तर

शिकवणं काही वाया जात नाही बरं. उजवी_सीट भाऊंशी बहुतेक सहमत, पण दुसऱ्याच्या चुका वेळेत पकडायला मी विद्यार्थ्यांमुळेच शिकलो, सिम्युलेटरमुळे नाही. फक्त एकाच एअरफिल्डभोवती सर्किट मारून जमवलेले हजार तास आणि वेगवेगळ्या हवामानात केलेले तीनशे, यातलं मी दुसरं घेईन.

ट्रेनिंग कुठे हे विचारलंत. आपल्याकडचा मोठा त्रास म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर ढग इतके खाली असतात की पोरं युनिफॉर्म घालून हँगरमध्ये कॅरम खेळतात. हिवाळ्यात सकाळी धुकं. त्यात विमान मेंटेनन्सला गेलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, की वर्षभरात होणारं काम दोन-दोन वर्षं रखडतं आणि हॉस्टेलचं भाडं चालूच. म्हणून फ्लाइंग क्लब बघायला जाल तेव्हा ऑफिसमधल्या फोटोंवर जाऊ नका, विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारा की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले. उडण्यालायक विमानं किती आणि पोरं किती तेही मोजा. बाहेर, अमेरिका किंवा साउथ आफ्रिकेत, तास भराभर होतात, पण परत आल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायला डीजीसीएचे पेपर आणि चेक द्यावेच लागतात, हे एजंट पटकन सांगत नाहीत.

गप्पीदास

तास भरायचा सगळ्यात स्वस्त मार्ग राहिला की, पार्कर ५१! पेन काढायचं आणि लॉगबुकात लिहायचं 😂

विदर्भातला_मास्तर

गप्पीदास, हसू नका. २०११ ला गोव्यात एक विमान नाकाच्या चाकावर उतरलं आणि चौकशीत निघालं की ते चालवणाऱ्या कॅप्टन बाईंनी एटीपीएलच खोट्या मार्कशीटवर घेतलंय. पाठोपाठ खोटे तास लिहून देण्याची प्रकरणंही बाहेर आली. कुणी "तास अ‍ॅडजस्ट करू" म्हणालं तर तिथून उठा आणि सरळ गाडीत बसा.

निवृत्त_ट्रान्सपोर्ट

एअरफोर्सचं मी सांगतो, आयुष्य एएन-३२ या ट्रान्सपोर्ट विमानावर गेलं. आधी घेतात वगैरे काही नाही, आम्हालाही सिव्हिलच्या परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं. तास भरपूर असतात, शिस्त असते, पण आमच्यातल्या कित्येकांना पहिले काही महिने जड गेले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला उजवीकडे बसून तिशीच्या कॅप्टनचं ऐकायचं म्हणजे काय ते समजा. फायटरवाल्यांचे तास कमी असतात, त्यात एकट्याने निर्णय घ्यायची सवय, त्यांना दोन माणसांचं कॉकपिट शिकावं लागतं. उलट एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममधून आलेल्या पोरांना चेकलिस्ट, कॉलआउट (मोठ्याने बोलून कळवणं), एकमेकांना टोकणं हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलेलं असतं.

कराडचा_मामा

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. ते एअरलाइनचे कॅडेट प्रोग्रॅम असतात त्यात घालावं का? खर्च ऐकून भाऊजींनी खुर्चीच धरली.

उजवी_सीट

कोटीच्या घरात जातो, हो. फायदा असा की निवड आधी होते, त्यामुळे पोरगी बसते की नाही ते पैसे भरायच्या आधी कळतं, आणि टाइप रेटिंग सहसा त्यातच असतं. स्वतः केलं तर लायसन्सपर्यंत साधारण पन्नास लाख, टाइप रेटिंगचे पंधरा-वीस वेगळे, आणि मग व्हेकन्सी निघायची वाट बघायची. माझ्या बॅचची काही मुलं लायसन्स घेऊन तीन-तीन वर्षं घरी होती, ईएमआय चालू.

पण मामा, या सगळ्याच्या आधी मेडिकल. आधी प्राथमिक तपासणी क्लास २, मग कमर्शियलसाठी लागणारी क्लास १. चष्मा चालतो, रंगांधळेपणा असेल तर अवघड आहे. क्लास १ हातात आल्याशिवाय कुठेही अ‍ॅडव्हान्स भरू नका, क्लबवाला कितीही "सीट जाईल" म्हणू दे. आणि मेडिकलची वाट बघता बघता तिला मेट (हवामान) आणि नेव्हिगेशनची पुस्तकं आणून द्या, डीजीसीएच्या पेपरांना पासिंग ७० टक्के आहे, जमिनीवर बसून जेवढे पेपर निघतील तेवढे आत्ताच काढलेले बरे.