मदत हवी आहे: विमानातल्या रडारचा बीम शून्य अंशाच्या पातळीच्या वर-खाली अर्धा-अर्धा पडतो, क्षय (लहरी वाटेत क्षीण होणं) कसा मोजू?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या एप्रिल-मेमधल्या गारांच्या वादळातून विमानातलं हवामान-रडार किती लांब पाहू शकेल, याचं पायथनमध्ये मॉडेल करतोय. लहरी 10 गिगाहर्ट्झ, विमान 6 किमीवर.

अपवर्तनासाठी, म्हणजे हवेत लहरी वाकतात त्याचा हिशेब धरायला, चार-तृतीयांश पृथ्वीत्रिज्या घेतली, नागपूरच्या सकाळ-संध्याकाळच्या रेडिओसोंडशी (फुग्यातून सोडलेल्या हवामान-उपकरणाच्या नोंदींशी) ताडून पाहिली. या उंचीवर डक्टिंगचा (लहरी हवेच्या थरात अडकून भलतीकडे जाण्याचा) त्रास दिसत नाही. पावसातल्या क्षयाला आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं) पी.838 सूत्र वापरलं. ताशी 50 मिमी पावसात किमीमागे एकेरी साधारण 1.7 डेसिबल जातात, म्हणजे 10 किमीच्या सरीत जाऊन-येऊन 33! वादळामागचं वादळ लपतं ते इथेच.

खरी अडचण पुढे आहे. 3.5 अंशांचा बीम 60 किमीवर साडेतीन किमीहून जास्त रुंद होतो. शून्य अंशाची पातळी पाचेक किमीवर, म्हणजे वरच्या भागात कोरडा बर्फ, खाली वितळत्या गारा आणि पाऊस. कोरड्या बर्फात क्षय नगण्य; ओल्या गारांना पी.838 लागूच पडत नाही.

प्रत्यक्ष रडार हाताशी नाही, विदा फुकट मिळणारी हवी. जमिनीवरच्या एस-बँड (जास्त लांब लहरींच्या) रडारचे आकडे थेट चालणार नाहीत, हे ठाऊक आहे.

तर बीमचे उभे थर पाडून प्रत्येकाला अँटेनाच्या पॅटर्ननुसार भार द्यावा का? आणि ओल्या गारांच्या थरासाठी क्षयाचं कोणतं सूत्र धरावं?