फिश टँकमधून मासे एकेक करून नाहीसे होत आहेत, पण मेलेला मासा एकदाही सापडलेला नाही

सिंहगडरोडकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या दीड महिन्यात आमच्या घरच्या फिश टँकमधून पाच मासे नाहीसे झाले आहेत आणि त्यांपैकी एकही मेलेल्या अवस्थेत दिसलेला नाही. ना पाण्यावर तरंगताना, ना तळाशी, ना झाडांत अडकलेला. घरातील प्रत्येकाचे यावर स्वतंत्र मत आहे आणि चर्चेचा शेवट दरवेळी शेजारच्या बोक्यावर आळ घेऊन होतो, म्हणून येथील जाणकारांना विचारावे असे ठरवले.

टँक ३० इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच आहे. हिशेबाने ८८ लिटर होतात, परंतु खडी आणि वर सोडलेली जागा वजा केल्यास प्रत्यक्षात ७५ लिटर पाणी असावे. दिवाळीत दहा नियॉन टेट्रा, तीन कुली लोच आणि रुपयाच्या नाण्याएवढे दोन एंजल आणले. पाणवनस्पतींबरोबर न बोलावता आलेल्या गोगलगाई वेगळ्या. त्या आता अगणित आहेत. फिल्टर कॅनिस्टर प्रकारचा (टँकला नळ्यांनी जोडलेला बंद डबा) असून स्टँडच्या कपाटात ठेवला आहे, आणि तो मार्चमध्ये उघडून धुतला होता. वर काचेचे झाकण आहे, मात्र नळ्या आणि हीटरची वायर आत जावी म्हणून मागचे दोन्ही कोपरे कापलेले आहेत. दर शनिवारी चौथा हिस्सा पाणी बदलतो. महापालिकेचे पाणी आदल्या रात्री बादलीत भरून, अँटीक्लोरिन घालूनच वापरतो.

आज नियॉन सहा आहेत आणि कुली लोच दोन. सध्याच्या उन्हाळ्यात दुपारी पाण्याचे तापमान ३० ते ३१ अंशांपर्यंत जाते. मासा मरून कुजला की पाण्यात अमोनिया उतरतो, म्हणून थेंबांच्या किटने तो तपासला तर शून्य आला. त्यावरून आमच्या चिरंजीवांनी असा निष्कर्ष काढला आहे की, टँकमध्ये एकही मासा मेलेला नाही, तेव्हा सगळे बाहेरच गेले असले पाहिजेत. हा निष्कर्ष मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

जुनीखडी

सिंहगडरोडकर साहेब, बोक्याला तूर्त निर्दोष सोडावे. काचेचे झाकण असलेल्या टँकमधून बोका चार नियॉन नेईल आणि शेजारी फिरणाऱ्या बशीएवढ्या एंजलला हात लावणार नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून नाही.

माझा पहिला संशय एंजलवरच आहे. दिवाळीत नाण्याएवढे असलेले एंजल आता केवढे झाले आहेत, हे आपण लिहिले नाही, परंतु सहा-सात महिन्यांत नीट खाऊपिऊ घातलेला एंजल तीन इंचांच्या घरात सहज जातो. दुकानात नियॉन आणि एंजल एकाच टँकमध्ये गुण्यागोविंदाने पोहताना दिसतात, कारण तेथे दोघेही पिल्ले असतात. पुढे एंजल वाढत राहतो आणि नियॉन मात्र तीन-साडेतीन सेंटिमीटरवर थांबतो. एंजल हा दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे आणि नियॉनही त्याच खोऱ्याच्या वरच्या भागातला. लहान टेट्रा हे त्याचे मूळचेच अन्न आहे, तेव्हा त्याने आपल्या घरी काही नवे आरंभले आहे असे नाही. जो मासा तोंडात मावतो तो खाद्य, एवढाच त्याचा नियम.

आपल्याला हा प्रकार दिसत नाही याचे कारण वेळेत आहे. दिवा बंद झाल्यावर नियॉन झाडांजवळ जवळजवळ निश्चल राहतात, त्यांचा निळा पट्टाही फिका पडतो आणि कळपाची सावधगिरी संपते. एंजलला मंद उजेडात पुरेसे दिसते. म्हणजे रात्री दिवा मालवल्यानंतरचा अर्धा तास आणि पहाटे फटफटण्याची वेळ, या दोन वेळी घरातील कोणीही टँकसमोर बसलेले नसते. नियॉन अख्खा गिळला जातो, त्यामुळे शेपटीचा तुकडासुद्धा उरत नाही.

एक खूण मात्र सकाळी पाहता येईल. नेहमी खाद्य टाकताच धावून येणारा एंजल एखाद्या सकाळी फुगलेल्या पोटाने मागे रेंगाळत असेल, तर त्या दिवशी नियॉन अवश्य मोजावेत.

अर्धालिटर

जुनीखडी काकांचे म्हणणे शक्यतेच्या कोटीतले आहे, पण ते सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. एंजलच्या पोटात नियॉन गेला याचा अर्थ एंजलने तो मारला असा होत नाही. उन्हामुळे मेलेला नियॉनही एंजल तितक्याच आनंदाने खातो.

आधी चिरंजीवांच्या अमोनियाबद्दल. रसायनशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हा हिशेब केल्याशिवाय राहवले नाही. पूर्ण वाढलेला नियॉन फार तर अर्धा ग्रॅम भरतो. माशाच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे अख्खा नियॉन कुजून त्यातला सगळा नायट्रोजन एकाच क्षणी अमोनिया होऊन पाण्यात उतरला, तरी तो १३ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. ७५ लिटर पाण्यात प्रतिलिटर ०.१८ मिलिग्रॅमसुद्धा होणार नाही. थेंबांच्या बहुतेक किटमध्ये शून्यानंतरची पहिली पायरी ०.२५ ची असते. शिवाय हे कुजणे एका क्षणात होत नाही, आणि मुरलेल्या फिल्टरमधील जिवाणू तयार होणारा अमोनिया त्याच वेळी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलत असतात. थोडक्यात, चारही नियॉन आठवड्याच्या अंतराने टँकमध्येच मेले असते, तरी आपले किट शून्यच दाखवत राहिले असते. पंधरा ग्रॅमचा एंजल कोपऱ्यात कुजला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा हाच हिशेब प्रतिलिटर पाच मिलिग्रॅमच्या वर जातो आणि वासही घरभर सुटतो. अमोनियाची चाचणी मोठ्या माशाचा माग काढते, नियॉनचा नाही.

आता उष्म्याबद्दल. नियॉनला २१ ते २६ अंशांचे पाणी मानवते. पाणी २५ अंशांवर असताना त्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांवर साधारण ७.६. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे ते आणखी थोडे खाली येतात. ज्या पाण्यात प्राणवायू कमी, त्याच पाण्यात उष्णतेमुळे माशाची गरज मात्र वाढलेली, आणि त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की फिल्टर बंद. अशा दुपारी अशक्त नियॉन मरणे अगदी स्वाभाविक आहे. तो मेल्यावर तरंगेलच असे नाही, कारण एवढ्या लहान शरीरात वायू साठून ते वर येण्याआधीच त्याचा फडशा पडतो. तीस अंशांच्या पाण्यात कुजणे वेगाने होते आणि आपल्याकडे अगणित गोगलगाई आहेत. संध्याकाळी मेलेला नियॉन दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखू न येण्याजोगा असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा मागमूसही राहत नाही.

म्हणून मला वाटते की खरा प्रश्न मासे कोठे गेले हा नसून ते कधी गेले हा आहे. आपण ‘दीड महिन्यात’ असे लिहिले आहे, यावरून रोज मोजणी होत नसावी. दहा नियॉन मोजणे अवघड असते हे मान्य, पण खाद्य टाकताना कळप एकत्र येतो तेव्हा मोबाइलवर फोटो काढला तर तो सावकाश मोजता येतो. मध्ये जाळीची किंवा ॲक्रिलिकची फाळणी घालून एंजल एका बाजूला ठेवावेत आणि दहा-बारा दिवस रोज मोजावे. संख्या तरीही घटली तर काकांचा आरोपी सुटला.

पेठेतली मासोळी

फाळणी घालण्याआधी स्टँड भिंतीपासून पुढे ओढून मागे पाहिले का? मागचे दोन कोपरे कापलेले असताना आधी तेच पाहायला हवे. नियॉन हॅचेट माशासारखा सराईत उडी मारणारा नाही, पण एंजल मागे लागला किंवा पाणी बदलताना दचकला तर तोही उसळतो, आणि जीव वाचवायला पळणारा मासा नेमका कोपऱ्याकडेच जातो. एवढासा मासा पंख्याच्या वाऱ्यात रातोरात वाळतो आणि उरलेले काम मुंग्या करतात. घरी केर काढायला कोणी येत असेल, तर त्यांना नक्की विचारावे. आमच्याकडे तीन गप्पी अशाच केरात गेल्या होत्या आणि आम्ही महिनाभर पाण्याची चाचणी करत बसलो होतो.

कोपऱ्यांत फिल्टरच्या स्पंजचे तुकडे कापून खोचावेत, वायर आणि नळ्या त्यातून सहज जातात.

मुठाकाठ

सगळे नियॉनवर बोलत आहेत, पण कुली लोचचे काय? त्या प्रकरणात मला एंजल, गोगलगाई आणि केर काढणाऱ्या मावशी असे सगळेच निर्दोष वाटतात.

जाता जाता सांगतो, या नावाचा स्टेशनवरच्या कुलीशी काही संबंध नाही. हाइनरिख कूल हा जर्मन निसर्ग-अभ्यासक १८२१ साली जावा बेटावर वारला, त्याच्या नावावरून हे नाव पडले आहे. मासा आग्नेय आशियातला, गांडुळासारखा, चार इंचांच्या आत-बाहेर, दिवसा लपणारा आणि रात्री फिरणारा. तो आठवडेच्या आठवडे दिसला नाही तरी घाबरण्याचे कारण नसते. माझ्याकडे पूर्वी खडीखाली बसवायच्या प्लेटचा फिल्टर होता. वर्षभर मी दोन कुली लोच मेले असे धरून चाललो होतो, आणि टँक मोडताना प्लेट उचलली तर खाली दोघेही जिवंत आणि चांगले गुटगुटीत.

आपल्याकडे कॅनिस्टर आहे, म्हणून मी तो उघडायला सुचवेन. पाणी ओढून घेणाऱ्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकची जाळीदार टोपी असते. तिच्या फटींतून हा बारीक मासा शिरू शकतो आणि धुताना ती नीट बसली नसेल तर प्रश्नच मिटला. येथे फिल्टरच्या प्रकाराला फार महत्त्व आहे. काचेला मागून टांगायच्या फिल्टरमध्ये मोटरची फिरकी बहुधा सुरुवातीलाच असते, त्यामुळे ओढला गेलेला मासा आधी फिरकीतून जातो आणि त्याचे काही खरे नसते. कॅनिस्टरमध्ये पाणी आधी स्पंज आणि खड्यांच्या टोपल्यांमधून जाते आणि फिरकी शेवटी वरच्या झाकणात असते. आत शिरलेला मासा टोपल्यांच्या खालीच राहतो. तेथे अंधार असतो, वाहते पाणी असते, प्राणवायू असतो आणि टँकमधून वाहून आलेले खाद्याचे कणही असतात. कुली लोचला यापेक्षा अधिक काही नको असते.

मात्र फिल्टर उघडताना वीज बंद करावी, दोन्ही कॉक फिरवावेत आणि तळाचे पाणी मोरीत न ओतता बादलीत ओतावे. जो मासा शोधायचा तोच मोरीतून जायला नको.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण अर्धालिटर यांनी सांगितल्याप्रमाणे फाळणी घालून रोज मोजणी केली.

क्रमाने सांगतो. मुठाकाठ, आपण म्हणालात त्याच दिवशी कॅनिस्टर उघडला. जाळीदार टोपी नळीवर नव्हतीच. ती टँकच्या तळाशी झाडामागे पडली होती, म्हणजे मार्चमध्ये मीच ती अर्धवट बसवली होती. सर्वांत खालची टोपली उचलली तर गाळात कुली लोच वळवळत होता. थोडा फिका पडला आहे, बाकी ठणठणीत आहे. त्याला टँकमध्ये सोडताच तो खडीत घुसला आणि त्यानंतर पुन्हा दिसलेला नाही, पण आता आम्ही निर्धास्त आहोत.

स्टँड पुढे ओढल्यावर भिंतीकडच्या कडेला एक नियॉन सापडला. मोरपिशी रंगाचा मागमूस नव्हता, नुसती काडी होती. नंतर केर काढणाऱ्या मावशींना विचारले, तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, “हो, मागं एकदा सुकटासारखं काहीतरी होतं की केरात. मला वाटलं, तुमच्याकडं सुकट आणली असंल.” आमच्या घरात सुकट कधीच येत नाही, हे त्यांना दहा वर्षांपासून ठाऊक आहे, तरीही त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. कोपऱ्यांत त्याच दिवशी स्पंज खोचला.

म्हणजे चार नियॉनपैकी दोघांचा हिशेब लागला. फाळणी घातल्यापासूनच्या बारा दिवसांत सहाचे सहा नियॉन जागेवर आहेत, आणि या काळात पाणी दोनदा ३१ अंशांवर गेले होते. यावरून उरलेले दोघे एंजलच्या पोटात गेले असे जुनीखडी काका म्हणतील. स्पंजमुळे बाहेरची वाट बंद झाली म्हणून संख्या टिकली असेही कोणी म्हणू शकेल, कारण दोन्ही गोष्टी मी एकाच आठवड्यात करून बसलो. अर्धालिटर, आपल्या वर्गात या प्रयोगाला मी नापास झालो असतो.

एंजल मात्र काल कर्वेनगरच्या मेव्हण्यांकडे रवाना केले. त्यांच्या चार फुटी टँकमध्ये नियॉन नाहीत.

अर्धालिटर

त्या मेव्हण्यांकडे गप्पी आहेत का, हे विचारले होते ना?